राखेच्या विटा पाहायला चंद्रपूरला

मुलांनो, तुमच्या शाळेची सहल कुठे कुठे जाते? किल्ल्यावर जाते, धरणावर जाते, लेणी पाहायला जाते. आमच्या शाळेची सहल गेल्या हिवाळ्यात कुठे गेली असेल, सांगा पाहू! आम्ही गेलो विटा पाहायला. हसलात ना? आमच्या गावातले लोकही असेच हसले होते.

त्याचं असं झालं. आमच्या शाळेला एक नवी वर्गखोली मंजूर झाली. एके दिवशी दोन ट्रॅक्टर विटा येऊन अंगणात पडल्या. मुलं धावत बाहेर गेली आणि तशीच धावत परत आली. "बाई, विटा लाल नाहीत! राखाडी आहेत!" बाहेर जाऊन पाहते, तर खरंच. सगळ्या विटा सारख्या, चारही कडा सरळ, आणि रंग चुलीतल्या राखेसारखा. गवंडीकाकांनी एक वीट उचलून पाहिली आणि नाक मुरडलं. "राखेची वीट हाय जी ही. राखेनं भांडी घासतेत बाई, भिंती नाही बांधत."

झालं! दुसऱ्या दिवशी वर्गात एकच प्रश्न. पावसात आमची खोली विरघळून जाईल काय? मी काही सांगितलं, पण मुलांचं समाधान झालं नाही. खरं सांगू? माझंही झालं नाही. मग मुख्याध्यापकांना विचारलं, पालकांची परवानगी घेतली, एक गाडी ठरवली आणि पाचवी ते सातवीची मुलं घेऊन आम्ही निघालो चंद्रपूरला.

आमचं गाव मूल तालुक्यात आहे. "मूल" हे तालुक्याचं नाव बरं का, लहान मूल नव्हे! हा भाग धानाचा, म्हणजे भाताचा. इथे भाताच्या वाफ्याला म्हणतात "बांधी" आणि लावणीला म्हणतात "रोवणा". मूलहून चंद्रपूरचा रस्ता जंगलातून जातो. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. चिचपल्ली मागे पडेपर्यंत मुलांच्या भेंड्या चालल्या होत्या. माझ्या शेजारी मात्र सहावीतली एक मुलगी गप्प बसून बाहेर बघत होती. तिचं नाव मी सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. पण तिची ओळख करून दिलीच पाहिजे, कारण या सहलीत खरी गुरुजी तीच ठरली.

दरवर्षी दिवाळी झाली, की तिचा बाक रिकामा होतो. तिचे आईवडील विटांच्या भट्टीवर कामाला जातात आणि तीही त्यांच्याबरोबर जाते. येते ती थेट पावसाच्या तोंडावर. तोवर आमचा अर्धा अभ्यासक्रम झालेला असतो. तरी हजेरी घेताना मी तिचं नाव वगळत नाही. मुलं एका सुरात म्हणतात, "भट्टीवर गेली, बाई."

मी तिला म्हटलं, "आज तू आम्हाला शिकव. लाल वीट कशी करतात?" आधी ती लाजली. मग हळूहळू बोलू लागली.

"माती खोदतेत जी. ढेकळं फोडतेत. पानी टाकून रात्रभर भिजू देतेत. मंग त्यात कोंडा मिसळून पायानं तुडवतेत. आई गोळा करते, बाबा साच्यात थापतो, मी उलट्या करते."

"उलट्या?" सगळी गाडी हसली.

"कच्च्या विटा उन्हात उलट्या करते!" ती रागाने म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. "वाळल्या का भट्टी रचतेत. मधे मधे कोळसा नि कोंडा घालतेत. आग लावली का आठ-दहा दिवस जळते. रात्री थंडी वाजत नाही तिथं."

शेवटचं वाक्य तिने सहज सांगितलं. मला मात्र त्यानंतर थोडा वेळ काही बोलता आलं नाही.

मुलांनो, आता माझ्या घरची एक गोष्ट सांगते. मी लहान असताना आमची नदीकाठाला एक बांधी होती. माती काळीभोर, लोण्यासारखी. ताईचं लग्न निघालं आणि पैशांची अडचण आली. माझ्या वडिलांनी त्या बांधीची वरची हातभर माती विटांसाठी विकली. त्यांना वाटलं, जमीन तर आपलीच राहते, माती काय, खाली आणखी आहेच! पण खाली निघाला मुरूम. त्या खड्ड्यात पाणी साचू लागलं. पुढची कितीतरी वर्षं त्या बांधीत धान नीट पिकलं नाही. वडील म्हणायचे, "मी वावर नाही विकलं, पण वावराचा जीव विकला." वावर म्हणजे शेत.

जमिनीच्या वरच्या थरातच पिकाचं अन्न असतं. कुजलेला पालापाचोळा, गांडुळं, डोळ्यांना न दिसणारे जीवाणू, सगळे तिथेच राहतात. असा बोटभर थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात. आणि आपण त्याची वीट केली की तो थर पुन्हा कधीच शेत होत नाही. भाजलेली माती ती, तिच्यात बी रुजणार कसं?

गाडीतच आम्ही एक गणित केलं. तुम्हीही करा. एक वीट समजा २३ सेंटिमीटर लांब, ११ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर उंच. तिचं घनफळ किती? २३ × ११ × ७ म्हणजे १,७७१ घन सेंटिमीटर. एका लहानशा घराला दहा हजार विटा धरू. मग माती लागली जवळजवळ १८ घनमीटर. शेतातला ३० सेंटिमीटरचा थर खरवडला, तर किती जागा उघडी पडेल? सुमारे ६० चौरस मीटर! आपल्या वर्गखोलीपेक्षा मोठा तुकडा, आणि तो एका छोट्या घरासाठी. आता देशभर किती घरं बांधली जातात, याचा विचार करा.

एवढ्यात गाडीत गलका झाला. "बाई, चिमण्या!" पाखरं नव्हेत बरं का, वीजकेंद्राच्या उंचच उंच धुराड्यांना मुलं चिमण्या म्हणतात. चंद्रपूर जवळ आलं होतं.

चंद्रपूर हे गोंड राजांचं गाव. जुन्या शहराभोवती अजून दगडी परकोट उभा आहे. जटपुरा दरवाज्यातून आजही गाड्या आणि सायकली आत-बाहेर करतात. पण या गावाचं दुसरं वैभव जमिनीखाली आहे. ते म्हणजे कोळसा. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, जवळच इरई नदीवरच्या धरणाचं पाणी. कोळसा आणि पाणी एकत्र मिळालं की तिथे वीजकेंद्र येतंच. १९८०च्या दशकात दुर्गापूरजवळ सुरू झालेलं हे औष्णिक वीजकेंद्र राज्य सरकारच्या वीजकेंद्रांमध्ये सर्वांत मोठं आहे. त्याची क्षमता आहे २,९२० मेगावॅट. तुमच्या घरातला दिवा कदाचित इथल्याच विजेवर लागत असेल.

आम्ही आत गेलो नाही. ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सावलीत गाडी थांबवली आणि तिथूनच पाहिलं. मी मुलांना विचारलं, "आईने चूल पेटवली, स्वयंपाक झाला. मग चुलीत काय उरतं?"

"राख!"

"मग एवढ्या मोठ्या चुलीत?"

सगळे गप्प.

आपल्या देशातल्या कोळशात राखेचं प्रमाण जास्त असतं. १०० किलो कोळसा जाळला, तर साधारण ३० ते ४० किलो राख उरते. त्यातली थोडी जड राख बॉयलरच्या तळाशी पडते. उरलेली, म्हणजे बहुतेक सगळी, पिठाहून बारीक असते आणि धुराबरोबर वर उडते. म्हणून तिला म्हणतात "उडती राख", इंग्रजीत फ्लाय अ‍ॅश.

ही उडती राख पकडायची कशी? चाळणीने नाही, जाळीने नाही, तर विजेने! कंगवा कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेलात की कपटे टुणकन उडी मारून चिकटतात, हो ना? आम्ही गाडीत हा प्रयोग करून पाहिला. वीजकेंद्रात धूर चिमणीकडे जाताना मोठमोठ्या पत्र्यांमधून जातो. तिथे राखेच्या कणांना विद्युतभार मिळतो आणि ते पत्र्यांना चिकटतात. मग हातोड्यांनी पत्रे ठोकले, की राख खाली पडते आणि खालच्या भांड्यात जमा होते.

पण जमा झाली, आता ठेवायची कुठे? पूर्वी बहुतेक राख पाण्यात कालवून मोठ्या तळ्यांत सोडून देत. १९९६-९७ साली आपल्या देशात जवळजवळ ६ कोटी ९० लाख टन राख निघाली. तिच्यातली उपयोगात किती आली? शंभरातले दहा टनसुद्धा नाहीत! उरलेली राख तळ्यांत साचत गेली. तळी सुकली की वाऱ्याबरोबर राख उडते, शेतात बसते, छातीत जाते. बांध फुटला तर आणखी कठीण. २०२२च्या जुलैत नागपूरजवळ राखेच्या एका तळ्याचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत आणि नदीत शिरलं.

म्हणजे पाहा, एकीकडे शेतातली माती विटांसाठी संपत होती आणि दुसरीकडे राखेचे डोंगर वाढत होते. मग काही शहाण्या माणसांच्या मनात आलं, या दोन अडचणींची गाठ घालून दिली तर? विशाखापट्टणमच्या एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास या संशोधकांनी राख, चुना आणि जिप्सम मिसळून, भट्टी न लावता वीट करण्याची रीत बसवली आणि लहान कारखानदारांना शिकवली. सरकारनेही १४ सप्टेंबर १९९९ रोजी नियम केला, की वीजकेंद्राच्या आसपास विटांमध्ये राख वापरलीच पाहिजे. पुढे हा नियम आणखी कडक होत गेला. २०२१-२२ साली देशात २७ कोटी टनांहून जास्त राख निघाली, पण तिच्यातली ९५ टक्क्यांहून अधिक वापरली गेली. सर्वांत जास्त गेली सिमेंटमध्ये. बाकीची रस्त्यांच्या भरावात, जुन्या खाणी बुजवण्यात आणि विटांमध्ये.

चला, आता कारखान्यात जाऊ. कारखाना म्हटल्यावर मुलांना फार मोठं काही वाटलं होतं. प्रत्यक्षात होती पत्र्याची एक लांबलचक शेड. एका बाजूला राखेचा ढीग ताडपत्रीखाली झाकलेला. दुसऱ्या बाजूला क्रशरची दगडाची चुरी. पलीकडे चुना आणि जिप्समची पोती. आत जाण्याआधी तिथल्या काकांनी सगळ्यांना नाकाला रुमाल बांधायला लावले. "पहिले रुमाल, मंग सवाल!" ते म्हणाले.

मधोमध एक मोठी परात आणि तिच्यात गरगर फिरणारी दोन जड चाकं. पूर्वी वाड्यांच्या बांधकामासाठी चुना मळायची घाणी असे ना, अगदी तीच. फक्त बैलाच्या जागी मोटार. परातीत निम्म्याहून अधिक राख पडते. मग चुरी, चुना, थोडं जिप्सम आणि बेताचं पाणी. मळलेला माल साच्यात जातो. यंत्र वरून जोराने दाबतं आणि फळीवर ओळीने विटा बाहेर येतात. त्या दोनेक दिवस सुकल्या की दोन-तीन आठवडे रोज त्यांच्यावर पाणी मारतात.

"आग कुठं हाय?" आमच्या मुलीने विचारलं.

"आग नाहीच, पोरी," काका म्हणाले. "लाल वीट आगीनं पक्की होते. ही पान्यानं पक्की होते."

मुलांचा विश्वास बसेना. पाण्याने चिखल होतो, वीट कशी होईल? मुलांनो, गंमत इथेच आहे. राखेचे कण म्हणजे भट्टीत वितळून पुन्हा गोठलेले काचेसारखे बारीक गोळे. नुसत्या पाण्यात ते काहीच करत नाहीत. पण चुना सोबतीला मिळाला, की राख, चुना आणि पाणी यांचा संयोग होऊन सिमेंटसारखा चिकट पदार्थ तयार होतो. तोच सगळ्यांना धरून ठेवतो. हे काम सावकाश चालतं, म्हणून पाणी तोडायचं नाही. आणि ही युक्ती काही आजची नव्हे. इटलीत नेपल्सजवळ पोत्सुओली नावाचं गाव आहे. तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून रोमन लोक बांधकाम करत. त्यांनी तशाच काँक्रीटचा घुमट रोममधल्या पँथिऑनवर चढवला. तो घुमट सुमारे १,९०० वर्षं पाऊसपाणी सोसून उभा आहे. आता सांगा, आमची खोली विरघळेल का?

पण मुलं नुसतं ऐकून थोडीच ऐकणार! आमच्या मुलीने पाणी मारून तयार झालेल्या ढिगातल्या दोन विटा उचलल्या आणि एकमेकींवर वाजवल्या. ठण्ण आवाज आला. मग नखाने ओरखडा काढून पाहिला. नाही निघाला. मग कमरेएवढ्या उंचीवरून एक वीट जमिनीवर सोडली. तुटली नाही. "पक्की हाय," तिने निकाल दिला. मग ती शेजारच्या ढिगाकडे गेली, तिथली वीट वाजवली, तर आवाज आला थप्प. "ही कच्ची हाय." काका चकित झाले. तो ढीग चारच दिवसांचा होता. "कोन शिकवलं गं तुला?" त्यांनी विचारलं. सगळी मुलं एकदम म्हणाली, "तिला सगळं येते जी, ती भट्टीवर असते!" त्या दिवशी पहिल्यांदाच त्या वाक्यात कौतुक होतं.

शेडमध्ये काही बाया विटांवर पाणी मारत होत्या. आमची मुलगी त्यांच्यापाशी जाऊन हळूच म्हणाली, "मावशी, पावसाळ्यात तुमचं काम बंद रायते काय?"

"नाही गं. शेड हाय ना. बाराही महिने चालते."

"मंग तुमची पोरं?"

"इथंच गावच्या शाळेत जातेत."

ती काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर मात्र तिने मला विचारलं, "बाई, आमच्या गावाजवळ असा कारखाना निघेल काय?"

मुलांनो, मला उत्तर देता आलं नाही. कारण गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. यंत्राला माणसं कमी लागतात. दहा कुटुंबांचं काम एक यंत्र करू लागलं, तर उरलेल्या कुटुंबांनी कुठे जायचं? तिच्या वडिलांनीही नंतर मला हेच विचारलं. शिवाय राखेची वीटही नीट केली तरच चांगली. चुना कमी पडला किंवा पाणी मारायचा कंटाळा केला, तर ती ठिसूळच राहते. राखेजवळ काम करणाऱ्यांच्या नाकावर रुमाल हवा आणि राख झाकलेली हवी. टाकाऊतून टिकाऊ करताना माणसांकडे काणाडोळा करून चालत नाही.

पण एवढं नक्की, की प्रत्येक राखाडी विटेमागे एका विटेइतकी माती शेतातच राहते. कुणाच्या तरी बांधीचा जीव वाचतो.

आमची खोली बांधून झाली. एक पावसाळा तिने काढला, थेंबसुद्धा आत आला नाही. गवंडीकाका आता म्हणतात, "मी पहिलेच बोललो होतो, वीट चांगली हाय!" मुख्याध्यापकांनी दाराजवळचा हातभर भिंतीचा तुकडा मुद्दाम गिलावा न करता ठेवलाय, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला राखेची वीट दिसावी.

आणि आमची मुलगी? या दिवाळीत तिचे आईवडील भट्टीवर गेले. ती मात्र आजीजवळ राहिली. तिच्या वडिलांना तयार करायला मला पाच फेऱ्या माराव्या लागल्या. सहाव्या फेरीला ती स्वतःच म्हणाली, "बाबा, मला शाळेत राहू दे." काल हजेरीत तिचं नाव आलं तेव्हा मुलं सवयीने म्हणणार होती, "भट्टीवर..." तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "हजर, बाई!"

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. घराजवळ बांधकाम चालू असेल, तर मोठ्या माणसांना बरोबर घ्या. गवंड्याला विचारून एक कोरडी वीट मिळवा आणि तिचं वजन करा. मग ती २४ तास बादलीत बुडवून ठेवा, पुसा आणि पुन्हा वजन करा. कोरडी वीट ३ किलोची असेल, तर तिने ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. लाल आणि राखाडी अशा दोन्ही विटा मिळाल्या, तर कोण जास्त तहानलेली आहे ते पाहा. आणि ती वीट कुठून आली, कुणाच्या मातीची किंवा कुठल्या राखेची, आणि ती कुणी पाडली, हेही विचारायला विसरू नका हं!